रविवारी बँक लूट, फौजदारी मी करते

वामनरावांच्या नजरेतून काही सुटत नाही, ही गोष्ट अख्ख्या बुऱ्हाणपुराला ठाऊक होती. ठाऊक असणारच! वामनराव स्वतःच ती सगळ्यांना सांगत असत. एका लहानशा सहकारी बँकेत ते हेड कॅशियर. खोटी नोट त्यांना बोट लागताच कळे, आणि खोटा माणूस दारातून आत येताच. "त्याच्या पोटात काय चाललंय," ते म्हणत, "ते मी त्याच्या चपलांच्या आवाजावरून सांगतो!"

त्या दुसऱ्या शनिवारी सकाळी बँकेला सुट्टी होती आणि वामनराव ओट्यापाशी उभे राहून चहा पीत पेपर वाचत होते. कुठल्याशा गावात कुठलंसं सराफी दुकान फुटल्याची बातमी होती. "मूर्ख लोक!" ते पेपरलाच म्हणाले. "घरातल्याच माणसानं केलं असणार. मी असतो तर आदल्या दिवशीच ओळखलं असतं!"

तेवढ्यात ओट्यावरचा फोन टुणकन वाजला. आपलाच समजून त्यांनी उचलला. तो रजनीबाईंचा निघाला. रजनीबाई आंघोळीला गेल्या होत्या. दुसऱ्याचा फोन वाचणं वामनरावांच्या तत्त्वात बसत नव्हतं, पण अक्षरं आपणहून डोळ्यात घुसली तर त्याला ते तरी काय करणार?

कुणा मनीषाचा निरोप होता. "उद्या दुपारी बँक लूट. नक्की ना? फौजदारी मी करते."

वामनरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. अक्षरं तिथंच होती. खाली आणखी एक निरोप येऊन पडला. "भिकनभाऊ केळीच्या गाडीतून येतील, सिलिंडर तेच आणतील. चावी रजनीताईंकडे." आणि त्याच्याखाली, "ताई, तुमच्या साहेबांना अजून कळलं नाही ना?"

वामनरावांची भीती नेहमी गुडघ्यांपासून सुरू होई. गुडघे गेले, मग हात गेले, आणि चहाचा कप ओट्यावर आडवा झाला.

आता तुम्ही म्हणाल, फौजदारी म्हणजे आपल्याकडची ती लसूण-मिरचीची झणझणीत डाळ! अहो, वामनरावांनी ती जन्मभर वाट्या भरभरून ओरपली होती. पण 'बँक लूट'च्या मांडीला मांडी लावून बसलेली फौजदारी कुणाला डाळ वाटेल? निदान हेड कॅशियरला तरी नाही वाटत.

चावी रजनीताईंकडे! कुठली चावी? बँकेच्या तिजोरीला दोन चाव्या लागत. एक मॅनेजरकडे, आणि दुसरी इथं, याच घरात, कपाटात, वामनरावांच्या कानटोपीखाली. ती जागा दोनच माणसांना माहीत होती. त्यातले एक ते स्वतः.

"अहो, चहा सांडला का?" रजनीबाई ओले केस टॉवेलात गुंडाळून बाहेर आल्या. काहीतरी गुणगुणत होत्या. वामनरावांनी फोन जिथल्या तिथं ठेवला होता.

"सांडला. म्हणजे, सांडवला. म्हणजे, कप घसरला."

"असू द्या, मी पुसते." त्यांनी फडकं घेतलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "अहो, तुमच्या बँकेचा तो भोंगा चालू आहे का हो अजून? धूरबीर झाला तर वाजतो का?"

वामनराव घाईघाईनं म्हणाले, "वाजतो! जोरात वाजतो! खंडव्यापर्यंत ऐकू जातो!"

"अगंबाई," रजनीबाई काळजीत पडल्या. "मग धूर कमीच करायला हवा." आणि त्या पोहे भिजवायला गेल्या.

इतक्या वर्षांचा संसार! या बाईनं कधी भाजीवाल्याकडून कोथिंबिरीची काडी फुकट मागितली नव्हती. शाळेत मास्तरीण होती तेव्हा खडूचा तुकडा चुकून पर्समध्ये आला तर दुसऱ्या दिवशी परत करायची. ती बाई तिजोरी फोडणार! वामनराव झोपाळ्यावर बसून विचार करू लागले. निवृत्त झाल्यापासून ती गप्प असायची, हे खरं. लेक मृणाल लग्न होऊन नागपूरला गेली, त्याच वर्षी रजनीची आई गेली. तेव्हापासून ती फोन घेऊन गच्चीत बसायची. बसेना का, आपल्याला पेपर वाचायला शांतता, असं त्यांना वाटलं होतं. त्या फोनमधून ती टोळीत गेली होती!

पोलिसात जावं तर रजनीला बेड्या. मॅनेजरला सांगावं तर तो पोलिसात जाणार, की पुन्हा रजनीला बेड्या! रजनीशिवायचं घर त्यांच्या डोळ्यांपुढे आलं आणि त्यांना खरंखुरं रडू यायला लागलं. नोकरी गेली असती तरी चाललं असतं. रजनी जायला नको होती.

सगळ्यात आधी त्यांनी चावी हलवली. कानटोपीखालून काढली आणि स्वयंपाकघरात कुणी बघत नाही असं बघून बट्टीच्या पिठाच्या डब्यात पार तळाशी खुपसली. डॉक्टरांनी त्यांचं तूप बंद केल्यापासून त्या घरात तुपात चुरून खायची बट्टी झालीच नव्हती. तो डबा कोण उघडतंय! एवढी अक्कल टोळीत कुणाला असणार, असं त्यांना वाटलं आणि क्षणभर बरं वाटलं.

मग ते राजघाटाकडे निघाले. बँकेचा बंदूकवाला राखणदार सुकलाल तिथंच राहत होता. सुकलाल ओट्यावर बसून शेंगा फोडत होता.

"साहेब! आज इकडं कसं काय? एकदम पसीना पसीना!"

"सुकलाल, उद्या आपली बँक लुटणार आहेत," वामनराव कुजबुजले.

सुकलालनं शेंग तोंडात टाकली. "कोन?"

"आहेत... ओळखीतले."

"ओळखीतले हायेत तं बोलून घ्या ना त्याहिच्याशी. ओळखीत काय लूट?"

"त्यात एक बाई आहे."

"बाई? मंग तं सीधं पोलिसात जा, साहेब!"

"पोलीस नको!" वामनराव किंचाळले. "बाई चांगल्या घरातली आहे रे. मास्तरीण होती. स्वयंपाक फार छान करते."

सुकलालनं शेंगा खाली ठेवल्या आणि त्यांच्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघितलं. "साहेब, हे तुमाले कसं मालूम?"

"लोक म्हणतात! तू उद्या दुपारी बंदूक घेऊन ये. आपण त्यांना नुसतं घाबरवायचं आणि घरी पाठवायचं. बाईला तर अजिबात धक्का लागता कामा नये."

"साहेब, रविवारले माझी ड्युटी नाय."

"अरे, बँक लुटतायत!"

"हौ, पन रविवारले लुटतायत ना!"

बरीच घासाघीस झाली. शेवटी दुपारचं जेवण वामनराव घालणार, या बोलीवर सुकलाल तयार झाला. "पन एक सांगून देतो," तो म्हणाला. "बंदूक हाय, गोळ्या नाय. गोळ्या मॅनेजर साहेबाच्या कपाटात ऱ्हातात."

संध्याकाळी वामनरावांनी शेवटचा उपाय करून बघितला. रजनीबाई मेथी निवडत होत्या. ते समोर जाऊन बसले.

"रजनी, तुला काही कमी आहे का गं?"

रजनीबाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. हा प्रश्न या घरात पहिल्यांदाच उमटत होता. "नाही हो. का?"

"साडी? बांगड्या? काहीही माग. पण माणसानं मोहाला बळी पडू नये. तुरुंगातली डाळ फार पातळ असते म्हणे."

"कुठल्या तुरुंगातली?"

"कुठल्याही! आणि तिथं तुझ्या गुडघ्याला तेल कोण लावणार? मी लावेन, पण ते मला आत सोडणार नाहीत!" एवढं बोलून वामनरावांचा आवाज चिरकला, आणि ते उठून मोरीत जाऊन तोंड धुवायला लागले. रजनीबाई कितीतरी वेळ मोरीच्या दाराकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हळूच फोन उचलला आणि भराभरा काहीतरी लिहायला लागल्या. दारातल्या फटीतून वामनरावांनी ते पाहिलं. टोळीला खबर गेली!

रविवारी सकाळीच रजनीबाई दोन पिशव्या घेऊन निघाल्या. "महिला मंडळात जाते हो. तुमचं ताट झाकून ठेवलंय. दुपारी झोपा नीट, हां? आणि घाबरू नका." शेवटचं वाक्य त्यांनी फार मायेनं म्हटलं. वामनरावांच्या अंगावर काटा आला. घाबरू नका! म्हणजे तिला सगळं कळलं होतं!

दार लागताच ते स्वयंपाकघरात धावले. फळीवर तांदळाचा डबा होता, ज्वारीचा होता, बेसनाचा होता. मध्ये एक गोल जागा रिकामी होती.

बट्टीच्या पिठाचा डबा नव्हता!

पुढचं वामनरावांना नीट आठवत नाही. एका पायात चप्पल आणि दुसऱ्यात मोजा, अशा थाटात ते सुकलालला उठवायला गेले. रविवार असल्यामुळे त्याला उठायला, तयार व्हायला आणि पान लावायला रविवारसारखाच वेळ लागला. दोघं बँकेपाशी पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

बँकेसमोर केळीची छोटी गाडी उभी होती. तोंडाला गमछा बांधलेला एक दांडगा माणूस गॅसचं सिलिंडर खांद्यावर घेऊन शेजारच्या जिन्यानं वर चालला होता. वर गच्चीतून धुराचा पांढरा लोट निघत होता.

"गॅसनं कापणार!" वामनराव पुटपुटले. "वरून भोक पाडून खाली उतरणार! सुकलाल, वर काय आहे?"

"वरती तं महिला मंडळाची खोली हाय, साहेब."

"बरोबर! म्हणूनच तिनं मंडळाचं नाव घेतलं!" बघा, माणसाची नजर किती तीक्ष्ण असावी! समोर सगळं उत्तर मांडून ठेवलेलं होतं, आणि वामनराव त्याच्या शेजारून निघून गेले.

धीर गोळा होईपर्यंत दोघं गाडीआड तासभर दबा धरून बसले, मग जिना चढले. पुढे वामनराव, मागे सुकलाल, आणि सुकलालच्या मागे बंदूक, कारण ती त्यानं पाठीवर टांगली होती. बंद दाराआडून कसलातरी बारीक, तारा छेडल्यासारखा आवाज येत होता. मग बाईमाणसाचा आवाज आला.

"झालं का? आता फोडा! रजनीताई, पहिली तुम्हीच फोडा, तुमचा हात बसलाय!"

वामनरावांनी देवाचं नाव घेतलं आणि दारावर खांदा टाकला. दार नुसतं लोटलेलं होतं. त्यामुळे ते थेट खोलीच्या मध्यभागी, सतरंजीवर, पालथे येऊन पडले.

"थांब रजनी!" ते जमिनीवरूनच ओरडले. "फोडू नकोस! घरी चल! मी कुणाला सांगणार नाही! लागेल ते देईन, पण तू मला सोडून जाऊ नकोस!"

मागे धाडकन आवाज झाला. सुकलालनं बंदूक खाली टाकून दोन्ही हात वर केले होते. "मी तं याहिच्या सोबत नाय!" तो म्हणाला. "माझी ड्युटी पन नाय!"

कोपऱ्यातला स्पीकर आपल्या तारा छेडत राहिला. सतरंजीवर चार बायका ताटं घेऊन बसल्या होत्या. ताटांत डाळ होती. रजनीबाईंच्या दोन्ही तळव्यांत एक खरपूस भाजलेली बट्टी होती, फोडण्याच्या बेतात. गमछावाला दांडगा माणूस तुपाची वाटी घेऊन उभा होता. खिडकीत उभा केलेल्या फोनमधून निरनिराळ्या गावांतले चार-सहा चेहरे डोळे विस्फारून बघत होते.

रजनीबाईंचे डोळे भरून आले. "बघा!" त्या सगळ्यांना म्हणाल्या. "मी कालपासून सांगतेय ना, ह्यांना बरं नाहीये!"

"काका, उठू नका एकदम," एक गोल चेहऱ्याची बाई पुढे झाली. "मी मनीषा, रावेरहून येते. श्वास घ्या. हळू. सोडा. आम्ही सगळे आहोत तुमच्यासोबत."

"आम्ही आहोत, काका!" फोनमधले चेहरेही एका सुरात म्हणाले.

"टोळी!" वामनराव क्षीण आवाजात म्हणाले. "बँक लूट! फौजदारी! मी वाचलंय सगळं!"

मनीषाबाईंनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! काका, मला लिहायचा कंटाळा. मी फोनला बोलून सांगते, तो लिहितो. मी म्हणते 'बाख'. तो जर्मनीतला जुना संगीतकार हो, तीनशे वर्षांपूर्वीचा. फोन लिहितो 'बँक'. मी म्हणते 'ल्यूट', ते तारांचं वाद्य, आत्ता वाजतंय ते. फोन लिहितो 'लूट'. आमच्या ग्रुपला सवय झालीय, कुणी काही म्हणत नाही."

"आणि फौजदारी?"

"ती ही काय," दांडगा माणूस म्हणाला आणि डाळीच्या पातेल्यावरचं झाकण काढलं. लसणाचा वास वामनरावांच्या नाकात शिरला आणि त्यांना जन्मभराच्या सगळ्या वाट्या एकदम आठवल्या. "मी भिकन, जसोंडीचा. आपली केळी हाय. ड्रिप सुरू केली की हेच संगीत लावून देतो. केळीले बी आवडते, मले बी आवडते. बट्ट्या गच्चीत गोवऱ्यांवर भाजल्या, म्हून धूर. अन् चावी म्हनजे या खोलीची, ते रजनीताईकडं ऱ्हाते."

वामनराव उठून बसले. आणि मग एकदम पुन्हा पांढरेफटक पडले. "चावी! बँकेची चावी त्या पिठात होती!"

फोडायला उचललेल्या सगळ्या बट्ट्या हवेतच थांबल्या. भिकनभाऊंनी तर एक बट्टी उचलून उलटसुलट करून बघितली.

"ही ना?" रजनीबाईंनी पदराची गाठ सोडली. पिठानं पांढरी झालेली तिजोरीची चावी त्यांच्या तळहातावर होती. "सकाळी इथं पीठ चाळलं तेव्हा चाळणीत आली. काल तुम्ही साडी काय विचारलीत, तुरुंग काय काढलात, मोरीत जाऊन रडलात काय. आणि आज बँकेची चावी पिठात! मला वाटलं, ह्यांचं डोकं... ह्यांना काहीतरी मोठं झालंय." त्यांनी चावी वामनरावांच्या हातात ठेवली. "कालपासून नुसती भीतीनं अर्धी झालेय मी. यायचंच नव्हतं मला आज. ह्या सगळ्यांनी धीर दिला म्हणून आले."

त्यांनी फोन पुढे केला. ग्रुपचं नाव 'बरोकटोक' होतं. त्या जुन्या युरोपी संगीताला बरोक म्हणतात, हे वामनरावांना तेव्हा कळलं. रजनीबाईंनी लिहिलं होतं, "ह्यांना काय झालंय कळत नाही. मला फार भीती वाटतेय." आणि खाली उत्तरांची रांग. ताई, आम्ही आहोत. ताई, डॉक्टरांचा नंबर पाठवते. ताई, आधी थोडी खिचडी खा आणि हे ऐका. ताई, जेवलात का?

वामनराव ते वाचत राहिले.

"मला का नाही सांगितलंस गं?" ते शेवटी म्हणाले. "संगीताचं?"

"सांगितलं होतं. ऐकवलंही होतं. तुम्ही म्हणालात, पावरलूम चालू राहिला वाटतं कुणाचातरी, बंद कर."

वामनरावांना आठवलं. तो विनोद त्यांनी बँकेतही सगळ्यांना सांगितला होता.

"खरंच होतं तुमचं," रजनीबाई म्हणाल्या. "तसाच आहे तो आवाज. एकसारखा, न थांबणारा. बाबा रात्रपाळीला लूमवर असायचे आणि आई शेजारी बसून सुताच्या कांड्या भरायची. मी तिथंच झोपायची तिच्या मांडीवर. आई गेल्यावर झोपच उडाली माझी. हे ऐकलं की येते. म्हणून तर ऐकते."

सुकलालचे हात अजून वर होते, ते त्यानं आता हळूच खाली घेतले.

"अगं, मग जरा मोठा कर ना आवाज," वामनराव म्हणाले. "मला नीट ऐकू येत नाहीये."

मग बट्ट्या फुटल्या. डॉक्टरांचं नाव कुणी काढलं नाही, आणि भिकनभाऊंनी वामनरावांच्या ताटात तुपाची वाटी सरळ उपडी केली. सुकलाल ड्युटी नसूनही तीनदा वाढून घेता झाला. ल्यूट वाजत राहिली, आणि डाळीच्या तिखटानं म्हणा किंवा कशानं म्हणा, वामनरावांच्या डोळ्यांतून सारखं पाणी येत राहिलं. निघताना मनीषाबाईंनी त्यांनाही ग्रुपमध्ये घेतलं आणि बोलून कसं लिहायचं तेही शिकवलं.

सोमवारी वामनराव बँकेत आले ते नव्या माणसासारखे. चावी खिशात सुखरूप होती. घरून निघताना त्यांनी रजनीला "जेवलीस का?" असं आपणहून विचारलं होतं. सकाळचे नऊ वाजले होते, तरी तिला ते आवडलं होतं. काउंटर उघडायला अवकाश होता. कालच्या सगळ्यांचे आभार मानायला हवेत, असं त्यांना वाटलं. त्यांनी खिशातून फोन काढला, ग्रुप उघडला, तोंडाजवळ धरला आणि मन मोकळं केलं. पाठवण्यापूर्वी पुन्हा वाचायची त्यांना गरज वाटली नाही. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे.

थोड्या वेळानं मॅनेजरच्या केबिनमध्ये काहीतरी जोरात पडलं. शेजारच्या काउंटरवरची मोनाली हातातला शिक्का तसाच धरून वामनरावांकडे बघू लागली. बघता बघता ती खुर्चीसकट मागे सरकली. वामनरावांनी फोनकडे बघितलं. वरती ग्रुपचं नाव होतं: 'बँक स्टाफ'.

आणि खाली, त्यांच्या नावानं, ठळक अक्षरांत:

"कालची बँक लूट फार सुंदर झाली. डोळ्यांत पाणी आलं. आमच्या मिसेसचं खास कौतुक. पुढच्या रविवारी पुन्हा करू. या वेळी फौजदारी माझ्याकडे. सुकलालनंही यावं."

गुडघे गेले. हात गेले. मॅनेजरच्या केबिनचं दार उघडू लागलं, आणि तेवढ्यात फोन टुणकन वाजला. सुकलालचं उत्तर आलं होतं.

"साहेब, रविवारले माझी ड्युटी नाय. पन येतो."